ऐकून लिहिणारी मुलगी

६ मे

चि. बाळ,

आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागदाचं एक बरं असतं, फाडायचा असला तरी तो आधी हातात धरावा लागतो.

घाबरू नकोस. भुंगी माझ्याकडे आली आहे आणि धडधाकट आहे. परवा सकाळी पेपर उचलायला दाराशी वाकलो तर समोर चपला दिसल्या, वर पाहिलं तर तुझी लेक. खांद्यावर एकच पिशवी. "आजोबा, थोडे दिवस राहू?" म्हणाली. मी म्हटलं, "थोडे कशाला, माझ्या राज्यात कायमची राहा." एरवी असं बोललो की ती "झालं यांचं सुरू" म्हणून डोळे फिरवते. या वेळी सरळ आत गेली आणि तुझ्या जुन्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली. पिशवी अजून उघडलेली नाही.

सुट्टी आहे, असं म्हणते. सुट्टी घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सुट्टी दिसते, ही माझी आपली समजूत. "बाबांना सांगू नका" असं तिने मला दोनदा बजावलं आहे. म्हणून मी सांगत नाही, फक्त लिहितो आहे. या दोहोंत फरक आहे की नाही, ते तुझं तू ठरव.

दिवसभर तिच्या कानावर तो मोठा हेडफोन असतो. काल चहा द्यायला गेलो तेव्हा गंमत म्हणून त्याचा एक कान उचलून माझ्या कानाला लावला. आत काही नव्हतं. वायरचं टोक नुसतं लोंबत होतं. "हे काय गं?" तर म्हणाली, "सवय आहे. हा काढला की खूप आवाज येतो."

मला एकदम ती दीड-दोन वर्षांची आठवली. बोलता येत नव्हतं तेव्हापासून गुणगुणायची, म्हणून तर मी तिला भुंगी म्हणायला लागलो. गॅलरीत मांडीवर घेऊन मी शाळेच्या पुस्तकातल्या कविता म्हणायचो आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ती पुरा करायची. अर्थ काय कळत असणार डोंबल, पण यमक बरोबर पकडायची. तुझी आई म्हणायची, "पोरीचा कान बघा, कान!" ते दिवस आठवले की वाटतं, आपण सगळे त्या गॅलरीतून उगाच खाली उतरलो.

असो. तू तुझा अबोला मोडावास असं मी म्हणत नाही. भुंगीला त्या डॉक्टरी टायपिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला, म्हणून तू सगळ्यांना जेवायला बोलावलंस. मी भरल्या पंगतीत उभा राहून सातवीच्या पुस्तकातली घाण्याच्या बैलाची कविता म्हटली, सगळी कडवी म्हटली. तू ताट सारून उठलास. लोक गेल्यावर "आता इथे पाऊल टाकू नका" म्हणालास. मी टाकलं नाही. कविता मात्र चांगली होती, हे आजही म्हणेन.

तुझा,
बाबा


११ मे

चि. बाळ,

तिची सुट्टी म्हणजे काय ते कळलं. काल संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने आपणहून सांगितलं, मी खोदून विचारलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण तू म्हणशील, म्हाताऱ्याने पोरीच्या तोंडून काढून घेतलं.

तिचं ऑफिस बंद झालं. म्हणजे ऑफिस आहे, ती बसायची ती खोली बंद झाली.

तिचं काम तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. डॉक्टर रोगी तपासतात आणि काय आढळलं ते यंत्रात बोलून ठेवतात. ही ऐकून ते टाइप करायची. मी त्या कामाला नावं ठेवायचो, पण ती सांगत होती तेव्हा मी भाजी तशीच हातात धरून ऐकत राहिलो. कोणी डॉक्टर तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलतात, कोणी जिन्यावरून उतरत बोलतात, कोणी बोलता बोलता मध्येच घरी काय आणायचं ते बायकोला फोनवर विचारतात. त्यातून नेमकं वेचायचं. हिला म्हणे श्वासावरून कळायचं की आता औषधाचं नाव येणार.

वर्षापूर्वी ते काम एक संगणकच करायला लागला. तो ऐकतो आणि लिहितो. मुलींना सांगितलं, तुम्ही फक्त त्याच्या चुका दुरुस्त करा. जी जास्त चुका पकडेल तिचा फोटो भिंतीवर. भुंगीचा फोटो सारखा लागायचा. सूनबाईने मला तो पाठवलाही होता आणि मीही शेजारच्या शिवणवाल्या बाईंना कौतुकाने दाखवला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय आजोबा, चुका संपल्या."

"म्हणजे?"

"आम्ही दुरुस्त केलेलं तो वाचायचा. वाचून शिकायचा. आम्हीच शिकवलं त्याला, रोज. शेवटी शेवटी तर मी बसून वाट बघायची, कधी चुकतोय म्हणून. चुकला की बरं वाटायचं."

मी जन्मभर शिकवलं, बाळ. विद्यार्थी पुढे गेला की मास्तराची छाती फुगते, हे माझं ठरलेलं वाक्य. ते ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये, असं सकाळपासून स्वतःला सांगतो आहे. तरी लिहितो. मी म्हटलं नव्हतं का? एकाच कामाला जुंपलेली विद्या त्या कामाबरोबर संपते, असं मी त्याच पंगतीत म्हटलं नव्हतं का? आधी चार दिशांचं शिकू द्या, थोडी भाषा, थोडा इतिहास, थोडं गणित, ताऱ्यांची नावं. पोट भरायला मग पुष्कळ आयुष्य पडलंय, असं म्हटलं होतं की नाही?

लिहिलं. वाटलं होतं, बरं वाटेल. वाटत नाही. खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली आहे, आणि माझं खरं ठरलेलं म्हणणं घेऊन मी स्वयंपाकघरात बसलो आहे. ते कोणाला देऊ?

शिवणवाल्या बाईंना सगळं कळलं आहे. या भिंती पातळ आहेत. त्या म्हणाल्या, "तिला माझ्याकडे पाठवा. माणसं काही उघडी फिरायची नाहीत." मग स्वतःच म्हणाल्या, "तयार कपडे घेतात ते सोडा." आणि मशीन चालवायला लागल्या.

तुझा,
बाबा


२० मे

चि. बाळ,

पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. पोचली असणार, सूनबाईने भुंगीला फोन केला तेव्हा आवाज जरा जास्तच गोड होता म्हणे.

मी तिला आपल्या कॉलेजात घेऊन गेलो होतो. "आपल्या" म्हणतो, कारण मी तिथे जन्म घालवला आणि तू तीन वर्षं. पुढचं बोलणं तू तुझ्या मनात करशील, ते मला इथे ऐकू येतं. "आणि त्या तीन वर्षांचं मला काय मिळालं? मुलाखतीत विचारलं, काय येतं? मी म्हटलं, कविता. आणि गोदामात लागलो." हे तू इतक्यांदा बोलला आहेस की त्याला आता चाल लागली आहे. तू गोदामात लागलास, कारण दिवस वाईट होते. कविता वाईट नव्हती. यावर आपलं एकमत व्हायचं नाही, पुढे जातो.

प्राचार्य कोण असेल? डुलक्या! तुझ्याच वर्गातला, माझ्या तासाला मान टाकून झोपायचा तो. टक्कल पडलं आहे, पण डोळे तसेच, आत्ता मिटतील की मग. मला पाहून ताडकन उठला. म्हणाला, "सर, आधी तुम्ही बसा. तुम्ही उभे असलात की मला उत्तर येत नसल्यासारखं वाटतं."

मी त्याला म्हटलं, या मुलीला तुझ्याकडे सोडायला आलो आहे. तिला कशासाठी तयार करू नकोस. तिला शिकव. ज्याचा लगेच काही उपयोग नाही असं पुष्कळ शिकव. मी जरा रंगात आलो होतो. सकाळी तिने केस विंचरले होते, चांगला ड्रेस घातला होता, बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, लागली गाडी रुळावर.

डुलक्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तो अभ्यासक्रम अजून आहे. पण तिकडे येतात ते दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही म्हणून येतात. शिकवणारे दोघं उरलेत, त्यातले एक आजारी. हिच्या आधीच्या कोर्सचं आमच्याकडे काहीच धरता येणार नाही, हिला पहिल्यापासून बसावं लागेल, कोवळ्या पोरांबरोबर." आणि मग म्हणाला, "चला, दाखवतो."

ग्रंथालय आठवतं तुला? उत्तरेची उंच खिडकी, तिच्याखाली कवितेचं कपाट? तिथे प्लायवुडची भिंत घातली आहे. भिंतीपलीकडे एक दुहेरी पलंग. खरा, गादी-उशांसकट. हॉटेलात खोली कशी लावायची, ते शिकवतात. चार मुलं चादरीचे चार कोपरे खोचत होती आणि एक बाई शिट्टी वाजवून "पुन्हा!" म्हणत होती. मी दारातच उभा राहिलो. भुंगी मात्र जवळ जाऊन बघत राहिली. म्हणाली, "छान बसवतात हो कोपरे." खरंच छान बसवत होती पोरं. त्यांच्याकडे बोट दाखवून मी काय बोलणार?

परत त्याच्या खोलीत आल्यावर मी डुलक्याला जरा टोचूनच विचारलं, "तुझी मुलगी इथेच असेल ना?"

"तुमच्याशी खोटं बोलवत नाही, सर. तिला मी इथे घातलं नाही. ती दातांच्या कवळ्या करायला शिकते. लोकांचे दात पडायचे थांबणार नाहीत."

भुंगी म्हणाली, "आमच्या सरांनी पण असंच सांगितलं होतं. डॉक्टर बोलायचे थांबणार नाहीत."

डुलक्या हसला, मग त्याचं त्यालाच कळलं आणि थांबला. त्याने टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला.

फाटकाशी तिने मला विचारलं, "आजोबा, मी इथे आले, तर तीन वर्षांनी काय असेन?"

मी म्हटलं, "माणूस."

हे मी वर्गात शेकडो पोरांना सांगितलं आहे. पोरं टाळ्या वाजवायची.

ती म्हणाली, "ते मी आत्ताही आहे."

रागाने नाही म्हणाली. एखाद्याचं बटण चुकीच्या काजात गेलंय हे सांगावं, तसं म्हणाली. बसमध्ये तिने तो हेडफोन पिशवीतून काढला आणि कानावर चढवला. मी माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

तुझा,
बाबा


२९ मे

चि. बाळ,

सूनबाईचा निरोप पोचला. तू रविवारी येतो आहेस, तिच्यासाठी दुसरा कोर्स शोधला आहेस, स्कॅनच्या यंत्रावर माणसांना नीट झोपवायचं आणि बटणं दाबायची, आणि आठ जूनपर्यंत फॉर्म द्यायचा आहे, इतकं कळलं. तू येतो आहेस याचा आनंद कोर्सपेक्षा मोठा आहे. तुझ्यासाठी उशी उन्हात टाकली.

पण ये तेव्हा तयारीने ये. ती जेवते, पण वाढलं तर. आंघोळ करते, पण सांगितलं तर. काल मी मुद्दाम काही सांगायचं नाही असं ठरवलं. दुपार झाली तरी ती सकाळच्या जागी बसलेली होती. मला वाटलं, विसरली असेल. विसरली नव्हती. मी काही बोलतो का, याची वाट बघत होती.

चौकातल्या पुस्तकवाल्याला विचारून आलो, तुला मदतीला मुलगी हवी का. तो म्हणाला, "मास्तर, मीच जागा विकतोय." औषधवाल्याला विचारलं. त्याने तिला बोलावलं, दोन प्रश्न विचारले, चांगलं बोलला आणि कळवतो म्हणाला. कळवतो म्हणाला म्हणजे काय, ते या वयात तरी मला कळतं.

मी तिच्यापुढे कविताही म्हणून पाहिल्या. हसू नकोस. माझ्याकडे दुसरं काय आहे? गॅलरीत खुर्च्या टाकल्या, तिला बसवलं आणि तिच्या आवडीची ती होडीची कविता सुरू केली. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी थांबायचो, तिने शब्द पुरा करावा म्हणून. ती माझ्याकडे आदराने बघत राहिली. शेवटी मीच पुरा करायचो. अशी सगळी कविता मी एकट्याने संपवली. "छान होती," म्हणाली.

तेव्हा आपण भांडायचं नाही. तू तुझं सांग, मी माझं सांगेन, शांतपणे. दोघांच्या डोक्यातून मिळून काहीतरी निघेल.

तुझा,
बाबा


७ जून

चि. बाळ,

रविवारी निघताना तू चपला घालत मला विचारलंस, "एकदम गप्प का झालात? पटलं का माझं?" मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, म्हातारा रुसला, किंवा हरला. तू जिना उतरताना जरा हलका दिसलास, म्हणून मी तुला मागे बोलावलं नाही. पण काय झालं ते तुला कळायला हवं.

तू माझ्यासमोर खुर्चीवर होतास, तुझी पाठ पलंगाकडे. ती तुझ्या मागे, गुडघ्यांवर चादर ओढून बसलेली. आपण शांतपणेच सुरुवात केली होती, याची नोंद व्हावी. तू म्हणालास, "माणसाच्या हातात एक काम पाहिजे." मी म्हटलं, "एक काम होतं की हातात, काय झालं त्याचं?" तू म्हणालास, "म्हणून दुसरं शोधलंय." मी म्हटलं, "आणि ते गेलं की तिसरं? ती काय बल्ब आहे, उडाला की नवा बसवायचा?" तू म्हणालास, "तुमच्या त्या चार दिशांनी मला एक दिशा दाखवली नाही, बाबा. पोट भरलेल्या माणसाचे चोचले आहेत ते." मी आवाज चढवला. तूही चढवलास.

तेव्हा माझी नजर तुझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिची बोटं चादरीवर चालत होती.

आधी मला वाटलं, चाळा आहे. पण तू बोललास की चालायची, तू थांबलास की थांबायची. मी बोललो की पुन्हा चालायची. दोन शब्दांच्या मध्ये अंगठा खाली टेकायचा. तू एकदा खोकलास, बोटं अधांतरी थांबली, खोकला संपल्यावर पुढे निघाली. डोळे समोरच्या भिंतीवर, चेहऱ्यावर काहीच नाही. तू "पोट" म्हणालास ते तिने घेतलं. मी "माणूस" म्हणालो तेही घेतलं. दोन्ही तितक्याच काळजीने.

माझ्याकडे सांगण्यासारखं अजून पुष्कळ होतं. चांगली वाक्यं होती. पण बोललो असतो तर ती लिहीत बसली असती.

म्हणून गप्प झालो. पटलं म्हणून नाही, आणि पटलं नाही म्हणूनही नाही.

मग तू वळून तिला विचारलंस, "काय गं, भरायचा ना फॉर्म?" आणि ती म्हणाली, "बरं." तुला ते "बरं" पुरलं. मलाही कधीकाळी पुरलं असतं. कॉलेजच्या फाटकाशी तिने मला तसं "बरं" म्हटलं असतं, तर मी नाचत घरी आलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तुझी बोटं चालतात ते तुला कळतं का. तिने हात उचलून बघितले, जणू कोणी तिच्या मांडीवर विसरून गेलं होतं. म्हणाली, "खोकला घेतला नाही ना? खोकला लिहायचा नसतो." मग आम्ही दोघंही हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली म्हणून मला धीर आला, आणि मी तो प्रश्न विचारला, जो मी आजवर कोणाला विचारला नव्हता. मी सांगायचो, विचारायचो नाही.

"भुंगे, तुला काय करायचंय? बाबा नाही, मी नाही. तुला?"

तिने मनापासून प्रयत्न केला. बराच वेळ. मी पाहत होतो, कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले. मग म्हणाली, "आजोबा, असं कोणी विचारलं ना, की डोक्यात आधी तुमचा आवाज येतो. मग बाबांचा. मग मी थांबते, अजून एक येईल म्हणून. कान लावून बसते अगदी. येत नाही."

मी काय करू, बाळ? तुझ्या कोर्समध्ये तिला यंत्र शिकवतील, माझ्या कॉलेजात इतिहास शिकवतील, दोन्ही ठिकाणी ती पहिली येईल. आपण सांगू ते ती एकही चूक न करता उतरवून घेईल. ही गोष्ट कुठे शिकवतात? शिकवणारा कोण? मी जन्मभर मास्तर होतो आणि मला माहीत नाही. तू बाप आहेस, तुला माहीत आहे का? असेल तर लगेच कळव. पण तिला सांगू नकोस, मला कळव.

उद्या तुझ्या फॉर्मची शेवटची तारीख. तो जेवणाच्या टेबलावर आहे, तू ठेवलास तिथेच, वर तुझंच पेन. मी त्याला हात लावलेला नाही. तिनेही लावलेला नाही. हे पत्र टपालाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून आज संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. तू उद्या फोन करू नकोस, सूनबाईलाही करू देऊ नकोस. तुझा आवाज आला तर ती भरेल. मी "राहू दे" म्हटलं तर भरणार नाही. दोन्हींत ती नसेल. मी उद्या तिच्याशी एक शब्द बोलणार नाही, चहा नुसता समोर ठेवीन. तारीख गेली तर जाऊ दे. गेल्यावर काय, ते मला खरंच ठाऊक नाही. सल्ला म्हणून हे लिहीत नाही. माझ्याजवळ सल्ला उरलेला नाही, नुसती भीती आहे, आणि तुझ्याशिवाय ती कोणाला दाखवू?

दुपारचे चार वाजत आले. तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं आहे. आतून काही आवाज नाही, गुणगुणणं नाही, पलंग कुरकुरल्याचंही नाही. उठून बघावंसं वाटतं. माझी चाहूल लागली तर ती मान वर करून वाट बघेल, मी काय म्हणतो याची. म्हणून बसून राहिलो आहे.

बाबा